अर्धी राहिलेली ओवी

भाविकहो, खानदेशात नदीकाठी पिंपळदर नावाचं एक खेडं होतं. तिथं उंबराखाली उंबरनाथ महाराजांचं आसन असे आणि त्यांच्या पायाशी रोज भिवसन बुरूड येऊन बसे. दिवसभर टोपल्या विणायच्या, सांजेला स्वतः रचलेल्या अहिराणी ओव्या महाराजांपुढं म्हणायच्या, एवढाच त्याचा प्रपंच.

त्या साली पटकीनं गाव निम्मं ओस पडलं. भिवसनची आई गेली. तिच्यावर रचलेली ओवी तो देवळाच्या ओट्यावर म्हणू लागला, तोच गावच्या नरहरशास्त्र्यांनी त्याला मध्येच उठवलं. "ही गावंढळ बोली देवाच्या कानी घालतोस? लाज वाटू दे." काय तो ताठा! भिवसन ओट्यावरून उतरला. त्यानंतर त्यानं एकही ओवी म्हटली नाही.

पुढं पटकी शास्त्र्यांच्याच घरात शिरली आणि त्यांच्या मातोश्रींना घेऊन गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, असं सारा गाव मानायचा. शास्त्र्यांनी मंत्र म्हटले, गोदान कबूल केलं, काशीयात्रा बोलले. ऊन डोक्यावर आलं. आई अशीच अडकून पडणार, या विचारानं ते महाराजांकडे धावले.

महाराजांनी विचारलं, "शास्त्रीबुवा, मातोश्री तुमच्याशी काय बोलत?"

शास्त्र्यांची मान खाली गेली. "काही नाही, महाराज. बोली अशुद्ध म्हणून मी सारखा टोकायचो. पुढं पुढं त्या बोलायच्याच थांबल्या."

महाराज म्हणाले, "त्या दिवशी देवळामागं उभ्या राहून त्या ऐकत होत्या. माहेरची बोली कानावर पडली होती, आणि तुम्ही ती बंद केलीत. भिवसनला बोलवा."

भिवसन नदीवर आला. त्याला पाठ फिरवता आली असती. पण पिंडाकडे पाहून त्याला स्वतःची आई आठवली, आणि त्यानं राहिलेली ओवी उचलली:

मन्ही माय गई दूर, तिन्हा सांगावा बी नही,
चुल्हा दारले इचारस, माय कव्हय येई?

महाराजांनी डोळे मिटून हात जोडले. झाडावरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

शास्त्री भिवसनच्या पायांवर कोसळले. जन्मभर 'मातोश्री' म्हणणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून 'माय, माय' एवढंच निघत होतं. ते ऐकायला ती मात्र नव्हती.