वालाचा मांडव आणि विजयाची कमान

एका राज्यात झाडून सारी माणसं कंबरेत वाकलेली होती. प्रधान वाकलेला, पहारेकरी वाकलेला, जात्यावरची बाई वाकलेली, आणि खुद्द मानधर राजाही वाकलेला. त्याचा मुकुट सारखा घरंगळायचा, म्हणून राणीने तो हनुवटीखाली सुतळीने बांधून दिला होता. दरबारात राजाला प्रजेची तोंडं दिसत नसत, फक्त पायातले जोडे दिसत.

मूळ सगळं राजाच्या हौसेत होतं. बारा वर्षांपूर्वी तो लढाई जिंकून आला आणि म्हणाला, विजयाची कमान हवी, तीही सूर्य मावळायच्या आत. इतक्या घाईत लाकूड कुठून आणणार? शिपाई घरोघरच्या परसात शिरले आणि वालाच्या मांडवांच्या काठ्या उपटून घेऊन गेले. ऐन फुलोऱ्यातले वेल मातीत लोळले. त्यात धूम्रकेश जादूगाराचाही मांडव गेला. त्याने ओंजळभर पाणी भुईवर ओतलं आणि म्हटलं, "ज्या राज्याने आधार उपटला, त्या राज्यात कुणी ताठ राहणार नाही." त्या घटकेपासून माणसं वाकली, वेल वीतभर चढून कोसळू लागले, आणि कमान तेवढी उभी राहिली.

राजाच्या परसबागेची माळीण होती हौसा. तिचा बाप भिवा एके काळी नावाजलेला माळी, आता पार थकलेला. तो एवढंच म्हणे, "पोरी, मांडवाखाली एकदा ताठ उभं राहून वरच्या शेंगा बघायच्यात. मग डोळे मिटले तरी चालतील." हौसा ते ऐके, पण बापाला द्यायला तिच्यापाशी मांडवच नव्हता.

एके सकाळी बाभळीवरचा सुगरण पक्षी खोपा विणता विणता बोलला, "हौसा, शाप मोडेल. कामं तीन. शापित खजिन्यातलं बी आण. ज्या काठ्या उपटल्या, त्यांचाच आधार दे. तिसरं काम वेल सांगेल."

"करते," हौसा म्हणाली, आणि पदर खोचून निघाली.

खजिना डोंगरातल्या गुहेत होता. दारात नागराज बसला होता आणि आत सात माणसं मुठीत हिरे धरून दगड होऊन उभी होती. नागराज म्हणाला, "एकदाच यायचं, एकच मूठ न्यायची." हौसाने हिऱ्यांच्या राशींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात एक गाडगं होतं, त्यात राखेत घोळलेलं वालाचं बी होतं. तिने मूठ भरली. नागराजाने विचारलं, "हिरे नकोत?" ती म्हणाली, "त्यांना मोड येत नाहीत." नागाने फणा बाजूला केला.

तिने बी भिजवलं, आळ्याआळ्यात दोन दोन टोचलं, आणि कोंब वीतभर झाले. राजाला खबर लागली. त्याने मोठ्या दिमाखाने सोन्याचे खांब रोवून दिले. वेलाने तीनदा खांबाला वेढे घेतले आणि तिन्ही वेळा तो घसरून खाली आला.

"सोनं गुळगुळीत आहे महाराज," हौसा म्हणाली. "वेलाला खरखरीत काठी लागते."

"हवी ती माग."

"तुमची कमान."

राजा म्हणाला, "माझ्या राज्यात तेवढी एकच गोष्ट उभी आहे."

"ती आमच्या काठ्यांवर उभी आहे, महाराज."

तीन दिवस राजा जेवला नाही. चौथ्या सकाळी तो स्वतः आला आणि आपल्या हातांनी कमानीच्या गाठी सोडू लागला. ज्याच्या त्याच्या काठ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. हौसाने मांडव घातला. वेल बांधायची गाठ सुगरण पक्ष्याने शिकवली. तो म्हणाला, "बोट जाईल इतकी जागा ठेव. देठ पुढे जाड होणार आहे."

वेल चढले. काठ्या संपल्या, मांडव भरला, तरी शेंडे वर धावत राहिले. राजा हरखून गेला. "महालाच्या कळसाला नेऊन भिडवू," तो म्हणाला. पण फुलं गळत होती, आणि कोवळ्या शेंड्यांवर काळ्या माव्याची कीड चढली होती. तिसरं काम कुठलं, ते हौसाला कळलं. घडवंचीवर चढून ती एकेक शेंडा नखाने खुडू लागली.

राजा धावत आला. "बारा वर्षांत पहिल्यांदा काही वर चाललंय, आणि तू ते खुडतेस? शेंगा धरल्या नाहीत तर तुझं शिर जाईल."

हौसाचा हात थांबला नाही. "माझ्या बापाने शिकवलंय मला. वर जायचं ते गेलं महाराज. आता धरायचं आहे." शेवटचा शेंडा खुडूनच ती खाली उतरली.

आठ दिवस तिने धड घास खाल्ला नाही. नवव्या दिवशी मांडव शेंगांनी लवला. राजाने पहिल्या शेंगेकडे हात नेला.

"ती नको," हौसा म्हणाली. "पहिली शेंग काठीची. ती वेलावरच वाळते, तिचं बी पुढच्या साली लागतं. माळ्यांची रीत आहे."

राजाने हात मागे घेतला. जी काठी त्यानेच एकदा उपटवली होती, तिच्यापुढे त्याने हात जोडले. मान वर केली, तर मानेमागून पाठही वर आली. सुतळी तटकन तुटली आणि मुकुट जागच्या जागी राहिला. मग राज्यभर पाठी कडाकड वाजल्या. गुहेतले सात दगड जांभया देत, रिकाम्या हातांनी घरी आले. धूम्रकेशाने आपल्या काठ्या मोजून घेतल्या आणि एक कमी असल्याची कुरकुर करत तो मांडव घालायला बसला.

भिवा मांडवाखाली आला, ताठ उभा राहिला आणि कितीतरी वेळ वर बघत राहिला. हौसा शेजारी उभी होती. तेव्हा कळलं, लेक बापाहून चांगली चार बोटं उंच झाली होती.

"दोन काठ्या तिरक्या लागल्यात," भिवा म्हणाला.

"हो बाबा."

"पण असा मांडव मलाही कधी साधला नव्हता."

हौसाने मान आणखी ताठ केली.

त्या राज्यात पुन्हा कधी कमान उभी राहिली नाही. राजा जिंकून आला की वालाच्या मांडवाखालून नगरात शिरतो. हौसाच्या मांडवाला आल्या, तशा शेंगा ऐकणाऱ्यांच्या परसातही येवोत.