बांधापलीकडचा उंच गहू

जंगल संपते तिथे गव्हाचे एक शेत होते आणि शेताच्या मधून एक बांध गेला होता. बांधाच्या अलीकडे बीळ करून एक उंदीर राही, पलीकडे एक उंदरीण आपल्या पिल्लांना घेऊन राही. मुलांनो, दोन्हीकडचा गहू निराळ्या जातीचा होता. उंदराकडचा ठेंगणा, जाड ताटांचा, फुटव्यांनी दाटलेला. उंदरिणीकडचा उंच आणि लांब पानांचा. तो वाऱ्यावर डोलू लागला की उंदराचा जळफळाट होई. खाणेपिणे सोडून तो बांधावर बसून राही.

एकदा शेतातला एक लावा पक्षी त्याला म्हणाला, "उंचीचे काय घेऊन बसलास? तुझ्या एकेका रोपाला फुटवे किती आलेत ते बघ. प्रत्येक फुटव्याला ओंबी धरली आहे. तिकडे पानेच फार, ओंब्या विरळ."

"तू तिचाच कैवारी," उंदीर फणकारला. "मला गप्प बसवायला आला आहेस."

दुसऱ्या दिवशी तो उंदरिणीकडे गेला आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, "ताई, तुझ्या बिळाजवळ धामण फिरताना पाहिली. पिल्लांना घेऊन माझ्या बिळात जा. मी एकटा जीव, इथे राहीन कसाही." उंदरिणीच्या डोळ्यांत पाणी आले. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?" असे म्हणून तिने लगोलग बीळ सोडले. उंदीर उंच गव्हाखाली ऐटीत पसरला.

पुढे ओंब्यांत चीक भरू लागला, तेव्हाच जोराचा वारा सुटला. उंच, बारीक ताटे वाकली आणि गहू जमिनीवर लोळला. दाणे पोसलेच नाहीत; जे हाती लागले ते चिमलेले होते. बांधाअलीकडे ठेंगणा गहू ताठ उभा होता. उंदरीण भरल्या ओंब्या ओढून नेत होती. ते पाहून उंदराचा पुन्हा तिळपापड झाला. तो धावत गेला आणि म्हणाला, "ताई, धामण कधीच गेली. आता आपापल्या घरी जाऊ."

"गेली? कुठे गेली? कुणी पाहिली?" उंदरिणीने विचारले. उंदीर नजर चुकवू लागला, तशी ती काय ते समजली.

"माझ्या पिल्लांच्या जिवाची भीती घालून तुम्ही मला घराबाहेर काढलेत," ती शांतपणे म्हणाली. "बीळ आता मिळणार नाही. पण उपाशी परत पाठवणार नाही." तिने टपोऱ्या दाण्यांनी भरलेल्या ओंब्या त्याच्यापुढे ठेवल्या.

उंदीर खाऊ लागला. दाणे गोड होते, पोटभर होते. पण त्याची नजर तिच्या पिल्लांपुढच्या ओंब्यांवर खिळली होती आणि तोंडातला घास त्याला कडू लागत होता.

तात्पर्य : हेवा करणाऱ्याला दुसऱ्याची नुसती उंची दिसते, आपल्याकडची भरलेली ओंबी दिसत नाही, आणि तीच ओंबी हातात आली तरी त्याला तिची चव लागत नाही.