गोजराचं डाळिंब

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक कासारीण राहत होती. बांगड्यांचं गाठोडं घेऊन ती गावोगाव हिंडायची, लेकीसुनांचे हात भरायची आणि दिवस कलायच्या आत घरी यायची. घरात तीनच माणसं: ती, तिचा नवरा आणि सासू. नवरा एकुलता एक.

बाई मनानं वाईट नव्हती, पण खोटं तिच्या जिभेवर अगदी सहज यायचं. उशीर झाला की वाटेत साप आडवा गेला म्हणायची, काम नको असलं की पोटात दुखतंय म्हणायची. कुणाचं त्यात काही बिघडत नसे, म्हणून लोकही हसून सोडून देत.

आश्विनातल्या एका टळटळीत दुपारी ती लांबच्या गावाहून परतत होती. नेहमीच्या वाटेवर ओढ्याला पाणी होतं, म्हणून तिनं डोंगराकडची वाट धरली. बरंच चालल्यावर डाळिंबाची एक बाग लागली. झाडं फळांनी वाकलेली. कितीतरी फळं झाडावरच उकलली होती आणि आतले लाल दाणे दिसत होते. पण एवढ्या बागेत एक पोपट नव्हता, एक चिमणी नव्हती. माशीसुद्धा घोंघावत नव्हती.

रस्त्याच्या कडेला चार बांबूंचा मांडव होता. खाली गोणपाटावर डाळिंबं रचलेली आणि त्यांच्यामागे एक म्हातारा माळी बसलेला.

"बस बाई, उन्हातून आलीस," तो म्हणाला. "इथं फळ विकत नाही. वाटसरूला एक द्यायचं, असा या बागेचा रिवाज आहे."

त्यानं एक डाळिंब फोडून तिच्या हातात दिलं. असला गोडवा तिनं जन्मात चाखला नव्हता. घशाची कोरड गेली, पायांचा शीण गेला. शेवटचा दाणा खाऊन झाला आणि तिला आणखी हवंसं वाटलं.

"बाबा, अजून एक मिळेल का?"

"मिळेल. पण दुसरं फळ आजारी माणसाचं असतं. घरी कुणी अंथरुणावर आहे का?"

"आहे ना!" कासारीण लगेच म्हणाली. "माझी धाकटी जाऊ. महिना झाला, बिचारीला बसवतसुद्धा नाही."

"नाव काय तिचं?"

"गोजरा." तोंडाला येईल ते नाव तिनं सांगून टाकलं.

माळी उठला. मागच्या झाडाच्या खोडावर हात ठेवून हळूच म्हणाला, "गोजराचं." वारा नव्हता, पान हललं नाही, पण एक फळ टपकन त्याच्या ओंजळीत पडलं.

"तिचं तिलाच दे," तो म्हणाला. "लवकर जा. आता ती तुझी वाट बघत असेल."

कासारणीच्या अंगावर काटा आला. पण बाग मागे पडली, वळण आलं, आणि तिनं झाडाखाली बसून ते डाळिंब फोडलं. दाणे लालबुंद होते, पण चव कसलीच नव्हती. पाणी चावावं तसं वाटलं. तरी हातचं टाकायचं कशाला, म्हणून तिनं ते सगळं खाल्लं.

घरी पोचली तेव्हा सासू दारातच उभी होती. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कुणाचा?"

"असं काय विचारतेस? गोजराचा."

कासारीण धावत माजघरात गेली. भिंतीशी एक खाट होती. खाटेवर, पांघरुणाखाली, एक बारीकशी बाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पावलांच्या आवाजानं ती वळली. चेहरा तापानं सुकलेला, डोळे खोल गेलेले.

"आलात जाऊबाई?" ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "माझं डाळिंब?"

कासारीण मागच्या मागे सरली. ती नवऱ्याकडे धावली. "अहो, ही कोण बाई आपल्या घरात?"

नवरा दावणीला गाय बांधत होता. त्यानं नवलानं पाहिलं. "ऊन लागलं का तुला? धाकट्याची बायको ती. तो मुलखाबाहेर गेलाय, तोवर तूच तर करतेस तिचं."

जो भाऊ कधी जन्मलाच नाही, त्याच्याबद्दल तो असा बोलत होता, जणू कालच त्याला वेशीपर्यंत पोचवून आला होता. शेजारणींनाही विचारून झालं. सगळ्यांना गोजरा ठाऊक होती. फक्त कासारणीलाच ती कोण ते ठाऊक नव्हतं. किंवा तिला एकटीलाच ठाऊक होतं.

पहिले दोन दिवस ती माजघरात फिरकली नाही. ही मेली तर आपण सुटू, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण सासूच्यानं काही उचलवत नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तिलाच जावं लागलं. तिनं गोजराला टेकून बसवलं. दंडावर तिचं वजन पडलं, खरंखुरं वजन. कपाळ तव्यासारखं तापलेलं. केसांचा गुंता सोडवताना गोजरा म्हणाली, "तुम्हाला माझा फार त्रास होतो ना?"

त्या रात्री कासारणीला जेवण गेलं नाही.

गोजराच्या घशाखाली पेज उतरत नव्हती, दूध उतरत नव्हतं. बाजारातून डाळिंबं आणली, सोलून वाटीत दिली. तिनं एक दाणा जिभेवर ठेवला आणि वाटी हळूच बाजूला सारली. "हे माझं नव्हे, जाऊबाई." रोज ती थोडी थोडी विझत चालली.

आठव्या दिवशी तांबडं फुटताच कासारीण बागेकडे पळाली. माळी तसाच बसला होता.

"बाबा, गोजरासाठी अजून एक फळ द्या. ती मरतेय!"

"एका नावाचं एकच फळ येतं, बाई. तिचं मी तुझ्या हाती दिलं होतं."

"ते मी खाल्लं! मी खोटं बोलले. गोजरा नावाचं कुणी नव्हतंच!"

माळ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. "मग रडतेस कुणासाठी?"

ती तशीच मागे फिरली. घरी आली तेव्हा दुपार झाली होती आणि गोजराचा श्वास वरवर चालला होता. कासारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आणलंत?" गोजरानं विचारलं.

"नाही गं. तुझं डाळिंब मीच खाल्लं. तुझ्या आजाराचं नाव सांगून मागितलं आणि वाटेतच खाल्लं."

गोजरानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोड होतं का?"

"नाही," कासारीण हुंदका देत म्हणाली. "त्याला चवच नव्हती."

गोजरानं मान हलवली आणि डोळे मिटले. मांडीवरचं वजन हलकं होत गेलं, होत गेलं, आणि कासारणीनं खाली पाहिलं तेव्हा मांडीवर काहीच नव्हतं. भिंतीशी खाट नव्हती. तिथं जोंधळ्याचं पोतं ठेवलेलं होतं.

ना नवऱ्याला काही आठवत होतं, ना शेजारणींना. पण कासारणीनं दहा दिवस देवाला हात लावला नाही की कुणाच्या हातात बांगडी चढवली नाही.

सासूनं विचारलं, "अगं, सुतक कुणाचं पाळतेस?"

"घरचंच माणूस होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य ते एवढंच: दुसऱ्याचं दुःख पुढे करून जे मागून आणलं, ते त्याच्याच ओंजळीत पडलं पाहिजे, आणि ज्याच्या दुःखाचा आधार घेतला, तो खरा असो की मनचा, त्याचं देणं आपल्याला लागतं.