डावीकडचा पैलवान

“पण मागे राहिलेल्या माणसाचं करायचं काय, मास्तर?”

मास्तरांनी गेमच्या मशिनवरची चादर ओढली. ती अर्धीच निघाली. उरलेली हेमांगीने काढली आणि घडी न घालता कोपऱ्यात टाकली.



झालं सुरू, तिने मनात म्हटलं. वडीलधाऱ्या माणसांना सरळ प्रश्न विचारावा, तर ती आधी गप्प बसतात, मग एखादी गोष्ट सांगतात. आपण मान डोलावून घरी येतो आणि प्रश्न जिथल्या तिथे. आजोबांनी गोष्टी सांगितल्या, प्राचार्यांनी सांगितल्या, समितीच्या अध्यक्षांनी तर चहा पाजून दोन सांगितल्या. आता तिच्यात गोष्ट ऐकण्याचंही त्राण नव्हतं.

जे सांगायचं ते तिने दारात उभं राहूनच एका दमात सांगून टाकलं होतं.

सोलापूरच्या ज्या कॉलेजात ती शिकवायची, तिथली अभ्यासिका मुलींना संध्याकाळी सहाला बंद व्हायची आणि मुलांना नऊपर्यंत उघडी असायची. का, तर पद्धत आहे. हेमांगीने आणि भूगोल शिकवणाऱ्या उज्ज्वला बनसोडेने मिळून त्याविरुद्ध अर्ज केला. त्याला आठ महिने झाले. समिती बसली, उठली, पुन्हा बसली. सुरुवातीला बरोबर आलेल्या अकरा जणी एकेक करून आपापल्या घरी गेल्या. राहिल्या या दोघी.

आणि महिन्याभरापासून उज्ज्वलाही दिसेनाशी झाली. बैठकीला नाही. फोन उचललाच तर एकच वाक्य, तू हो पुढे, मी आलेच. अर्ज दोघींच्या नावाने होता, म्हणून पुढच्या प्रत्येक कागदावर दोघींची सही लागायची. एकीची नसली की कागद परत.

हेमांगीच्या पिशवीत एक पत्र होतं. श्रीमती बनसोडे यांचं नाव अर्जातून कमी करावं, एवढाच मजकूर. सोमवारी सकाळी ते द्यायचं होतं. एकदा नाव निघालं की उज्ज्वलाने माघार घेतली असं ठरणार होतं, आणि माघार घेणाऱ्याला त्या कॉलेजात दोन्ही बाजू कशा वागवतात ते दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

उज्ज्वलाला तिने अजून सांगितलेलं नव्हतं.

काढू का नाव, एवढंच विचारायला ती आली होती. खरं तर तेवढंही नाही. ‘काढ’ असं कुणीतरी म्हणावं, म्हणून आली होती.

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. बार्शीच्या एसटी स्टँडमागे पत्र्याच्या खोलीत त्यांचे दोन व्हिडिओ गेम होते, आणि शाळा सुटल्यावर निम्मी बार्शी तिथे शिकायला असायची. आता पुढच्या बाजूला जावयाने झेरॉक्सचं दुकान थाटलं होतं. एक मशिन भंगारात गेलं. दुसरं मागे उरलं, मास्तरांसारखंच, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने.

तो खेळ कसला, नुसती मारामारी. खरं नाव वरच्या काचेवर इंग्रजीत होतं, पण त्यामागचा दिवा गेलेला, त्यामुळे ते कुणी कधी वाचलं नाही. पोरं त्याला ‘गल्ली’ म्हणायची. सहा गल्ल्या. डावीकडून शिरायचं, उजवीकडे जायचं, आणि मध्ये जो येईल त्याला बडवायचं. डावा हात चालायच्या दांडीवर, उजवा मारायच्या बटणांवर. लढणारे चौघं. टोपीवाला, चष्मिस, पैलवान आणि निळ्या विजारीतली ताई.

हेमांगी तेव्हा अकरा वर्षांची. खोलीत मुलगी एवढी एकच. मुलगी म्हणून ताई घेते, असं पोरं चिडवायची. ती म्हणायची, तुमचा टोपीवाला मार खायलाच जन्मलाय, मी काय करू. ताईचा एक डाव होता. दोन्ही बटणं एकदम दाबली की ती गर्रकन फिरायची आणि भोवतीचे सगळे आडवे. मात्र त्यात तिची स्वतःचीही लाइफ थोडी जायची. शहाणी पोरं तो डाव राखून वापरायची. हेमांगी गल्लीत शिरल्या शिरल्या वापरायची.

वाटेत ड्रम असायचे. फोडला की आतून भाजलेली कोंबडी निघायची, ती उचलली की लाइफ भरायची. हेमांगीचा जोडीदार दिग्या श्रावणभर कोंबडीला हात लावायचा नाही. अरे, पडद्यावरची आहे ती, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो म्हणायचा, कोंबडी पडद्यावरची असेल, श्रावण खरा आहे.

ते आठवून तिला इतक्या थकव्यातही हसू आलं.

“दिग्या काय करतो आता?”

मास्तर म्हणाले, कुर्डुवाडीला हॉटेल काढलंय. मांसाहारी.

दोघंही हसली.

हेमांगीला वाटलं, एवढ्या वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. मशिन चालू होतं का, तिने विचारलं. होतं. मग तिला एकदम हाव सुटली. सहावी गल्ली तिने कधी पाहिली नव्हती. तिथवर फक्त मास्तर पोचायचे, कुठल्या ना कुठल्या पोराला बरोबर घेऊन. मास्तर पैलवान घ्यायचे.

ती म्हणाली, खेळू या. मला सहावी दाखवा.

मास्तर म्हणाले, तू खेळ, मी बघतो.

ती म्हणाली, एकटीने पाचवीच्या पुढे कधी जमलं नाही.

मास्तर म्हणाले, आता माझा जमाना गेला.

“जमाना गेला, जमाना गेला. तुम्हा लोकांना दुसरं येतं काय म्हणायला?” ती बोलून गेली आणि तिला थोडं वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्टूल पुढे सरकवून डावीकडे बसले. खांद्यावरचा पंचा घसरून दांडीवर, हातावर आला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

पडदा उजळला. तीच निळी भिंत, तीच कचऱ्याची पिंपं, तेच टिंगटिंग संगीत. ताई उभी होती, वय न वाढलेली. शेजारी पैलवान, तोही तसाच.

पहिल्या गल्लीत पहिले चार गुंड आले. हेमांगीने तिघांना लोळवलं. चौथा पैलवानाकडे गेला आणि त्याच्या दोन ठोशांत झोपला. मास्तरांचे ठोसे अजून तसेच होते, मोजके, नेमके.

उजवीकडे बाण लुकलुकू लागला. चला.

ताई पळाली. पडद्याच्या कडेला जाऊन पोचली, आणि तिथेच पाय हलवत राहिली. कारण दोघं खेळत असले की पडदा दोघांचा. एक जण डाव्या कडेला राहिला तर दुसऱ्याने कितीही पळावं, गल्ली पुढे सरकत नाही.

पैलवान डाव्या कडेला उभा होता.

“चला ना, मास्तर.”

पैलवान उभाच.

बाण लुकलुकत होता. वरच्या कोपऱ्यात वेळ उतरत होता. साठ. पन्नास. हेमांगीने मागे येऊन पैलवानाभोवती एक फेरी मारली, जणू त्याला हाताला धरून नेता येणार होतं. मास्तरांची नजर पडद्यावरून ढळत नव्हती. कपाळावर घामाचे थेंब होते. पत्र्याची खोली, एप्रिलची दुपार, घाम यायचाच.

वेळ संपला. दोघंही धाडकन आडवे झाले. दोघांचा एकेक जीव गेला.

पुन्हा उभे राहिले. पुन्हा बाण. पुन्हा ताई उजवीकडे, पैलवान डावीकडे.

मग तिच्या लक्षात आलं, म्हणजे लक्षात आलं असं तिला वाटलं. तिचा चेहरा तापला.

“असं होय. मला धडा शिकवताय.”



हेमांगीने मग तोंड सोडलं. म्हणाली, मला काय कळत नाही का? मागच्यासाठी थांब, सबुरी धर, सगळ्यांना घेऊन चाल. जन्मल्यापासून हेच ऐकतेय मी. आणि जे सांगतात ते स्वतः एक पाऊल टाकत नाहीत. आठ महिने मी थांबलेय. माझे केस गळायला लागले, मला झोप येत नाही. सहाला दाराबाहेर काढलेल्या मुली रोज माझ्याकडे बघतात, त्यांना मी काय सांगू? आमची एक बाई अजून यायचीय म्हणून? मी दमले, मास्तर. मी दमले म्हणून कुणी थांबलं का माझ्यासाठी?

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

वेळ उतरत होता. चाळीस. तीस…

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले होते. ते काही बोलत नाहीत, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

वेळ संपला. दोघं पुन्हा पडले. आता दोघांकडे शेवटचा जीव.

तेव्हा तिने जुनी युक्ती काढली. दिग्याला असाच एका श्रावणी सोमवारी तिने संपवला होता. बोटभर लाइफ, शेजारी कोंबडी, तो उचलेना आणि पुढेही येईना. मग तिने एका चाकूवाल्याला झुलवत झुलवत त्याच्या अंगावर आणून सोडलं आणि आपण बाजूला झाली. जोडीदार मेला की पडदा एकट्याचा होतो. दिग्या रडत घरी गेला होता. मास्तरांनी त्या दिवशी तिला काहीच म्हटलं नव्हतं.

रेंगाळलं की गल्लीत नवा गुंड येतो. तसा आत्ताही एक आला, चाकूवालाच. हेमांगीने त्याला मारलं नाही. ताईला एकेक पाऊल मागे घेत त्याला डावीकडे आणलं, पैलवानाच्या समोर उभं केलं आणि बाजूला सरकली.

तिने पडद्याकडे पाहायचं टाळलं. पिशवीकडे पाहिलं. पत्राचं टोक बाहेर आलं होतं.

ठोसा. ठोसा. चाकूवाला उलटा उडाला आणि लुकलुकत नाहीसा झाला.

पाठोपाठ दुसरा आला. त्यालाही पैलवानाने जागेवरूनच झोपवलं. जागा सोडली नाही. मार खाल्ला नाही. त्याच्या मागून येणाऱ्यालाही नेमका टिपला.

बाण लुकलुकू लागला.

हेमांगीने दांडी सोडून दिली. ताई गल्लीच्या मध्येच उभी राहिली. रागही उरला नव्हता. नुसता शीण.

“मारता येतं तुम्हाला,” ती म्हणाली. “मग चालायला काय होतं? का थांबलाय?”

मास्तरांनी पडद्यावरची नजर काढली. उजव्या हाताने पंचा उचलला आणि मांडीवर ठेवला.

डावा हात उजव्याच्या निम्माही नव्हता. वाळून गेलेला, मनगटात वळलेला. बोटं दांडीच्या गोट्याभोवती एकेक करून बसवल्यासारखी होती. त्यांची पेरं पांढरी पडली होती. कोपरापासून सगळा हात थरथरत होता. आणि दांडी उजवीकडे कलली होती, नखभर…

मास्तरांना दम लागला होता. तो खाली बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“थांबलोय कुठं, पोरी,” ते म्हणाले. “मघापासून ढकलतोच आहे.”