बारवेच्या सांध्यांची कहाणी

आसरामायांनो, पाण्याखालच्या सात बहिणींनो, ही तुमची कहाणी. हातात तांदूळ घेऊन बसलेल्या बायांनी मन एका जागी ठेवावं आणि ऐकावी.

आटपाट गाव होतं. गावात साधा मंगळवार होता. भिवराबाई दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होती. पानं एकीकडे, देठ एकीकडे. आत चुलीवर कण्या शिजत होत्या. मग तिची थोरली जाऊ आली, कौसाबाई. एरवी आत येऊन आधी पाणी मागणारी बाई, आज उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काय ओ अक्का, अशा उभ्या? आत या की."

कौसाबाईनं दाराची चौकट धरली.

"म्हैस सुटली का पुन्हा?"

"भिवरे, बारवेची भिंत पडली. मावळतीची."

"पडली?"

"भाऊजी खाली होते गं."

मग भिवराबाईनं काय केलं? राहिलेली भाजी निवडली. पानं पाटीत टाकली, देठ म्हशीला टाकले, कण्यांखालचा जाळ ओढला. मग उठली आणि निघाली.

आता तिचा नवरा अंबादास खाली का उतरला होता, भिंत का पडली, ते ऐका.

त्या गावाला एक जुनी बारव होती. चारी बाजूंनी भिंती, भिंतींतून उतरत्या पायऱ्या, तळाशी पाणी, पाण्यापाशी कोनाड्यात साती आसरा. कुण्या राजानं बांधली, कुणास ठाऊक नव्हतं. दगडावर दगड बसवलेला, मध्ये चुना नाही, माती नाही. पायऱ्या घरोघर वाटून दिलेल्या होत्या. नवी सून आली की सासू तिला बारवेवर नेई, पायरी दाखवी, म्हणे, "ही आपली."

वसा असा होता. चैत्रात पाणी तळाला गेलं की आपली पायरी घासावी. तिच्यापाशी साचलेला गाळ पाटीनं वर आणावा. वरच्या भिंतीत पिंपळ उगवला, उंबर उगवला, तर कोवळा आहे तोवर उपटावा. दगडांच्या सांध्यात बोट घालून बघावं, बोट आत गेलं पाहिजे. दर मंगळवारी पायरीवर दिवा ठेवावा. घेतला वसा आळसानं सोडू नये, तोऱ्यानं मोडू नये. याला उद्यापन नाही.

मग गावात नळ आला. एक घर म्हणालं, "आता वेळ कुणाला आहे?" दुसरं म्हणालं, "पाणी पीत नाही, तर गाळ कशाला काढायचा?" तिसरं म्हणालं, "बारव सरकारची, सरकार बघंल." भिवराबाईनं आपली पायरी घासली. मग शेजारणीची घासली. मग पलीकडचीही घासली. गुडघे झिजले.

अंबादास म्हणायचा, "तू माझ्या घरची सून का बारवेच्या घरची?"

"दोन्ही घरची. तुमच्या घरचं काम उरल्या वेळात."

"मग उरल्या वेळात चहा टाका, सूनबाई."

असं त्यांचं चालायचं.

भिवराबाई आसरांपुढं बसायची, म्हणायची, "मायांनो, मला काही नको. गावाला खाली उतरवा." एका चैत्रात मागितलं, गाव आलं नाही. दुसऱ्या चैत्रात मागितलं, गाव आलं नाही. तिसऱ्या चैत्रात मागितलं आणि सारं गाव आलं.

पुढं होते सरपंच माणिकराव. म्हणाले, "भिवराकाकू एकट्या राबतात, आपल्याला लाज वाटायला हवी. आपल्या वाडवडिलांचा ठेवा आहे. चला, एकदाच करू, कायमचं करू." तरुण मंडळ आलं, बचत गटाच्या बाया आल्या, टेम्पो भरून सिमेंट आलं. गाळ निघाला. पिंपळ मुळासकट निघाले. ते पुन्हा उगवू नयेत म्हणून सारे सांधे सिमेंटनं भरायचे ठरले.

भिवराबाई म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, सांध्यात बोट गेलं पाहिजे."

"का म्हणून?" माणिकरावांनी विचारलं.

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"काकू, त्यांच्या वेळी त्यातून विंचू निघायचे. आता विंचवांनी दुसरीकडं बिऱ्हाड बघावं."

सगळे हसले. भिवराबाईही हसली. इतकी माणसं बारवेत तिनं लग्नानंतर प्रथमच पाहिली होती. मग तिनं स्वतः घमेलं उचललं. आपल्या पायरीवरच्या, मावळतीच्या भिंतीचे सांधे आपल्या हातानं भरले, करंजीची कड मुरडावी तसे नीट. आसरांना तांबडा रंग दिला, पिवळा रंग दिला. नारळ फुटले. त्या रात्री गावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही, सारे बारवेच्या काठावर जेवले.

मग पावसाळा आला. भिंतीमागच्या मातीत पाणी उतरलं. पूर्वी ते सांध्यासांध्यातून पाझरत बारवेत यायचं. आता त्याला वाट नव्हती. श्रावणात ते भिंतीमागं साचलं. भाद्रपदात भिंतीला पोट आलं. बघणारे म्हणाले, "जुनी आहे, असायचंच."

मग तो मंगळवार आला. भिवराबाईला गुडघ्यांनी उठवेना. नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज दिवा तेवढा तुम्ही ठेवून या."

"सासूबाईंचा वसा जावयाला?"

"सासूबाई तुमच्या आई होत्या. नसेल जमत तर मी जाते."

"बस तू. कण्या टाक, आलोच."

तो गेला. पुढचं मी आधी सांगितलं.

दुपारी गावानं त्याला दगडांखालून काढलं. रडणारे सिमेंट कालवणारेच होते.

बायांनो, इतर कहाण्यांत अशा वेळी देवी म्हातारीच्या रूपानं येते. का रडतेस म्हणून विचारते. गेलेला माणूस झोपेतून उठावा तसा उठून बसतो. भिवराबाई बारवेच्या काठावर बसली. सकाळी बसली, दुपारी बसली, दिवेलागणीला बसली. कुणी आलं नाही. आसरांचा कोनाडाही दगडांखाली गेला होता.

मग तिनं छन्नी घेतली, हातोडा घेतला आणि उगवतीच्या भिंतीतलं सिमेंट फोडू लागली. माणिकराव आले. पागोटं काढून पायरीवर बसले.

"काकू, शिव्या द्या. पण काहीतरी बोला."

भिवराबाई म्हणाली, "त्या सांध्यात बोट घालून बघा. जातंय का?"

माणिकरावांनी बोट घातलं. गेलं नाही. मग त्यांनी छन्नी मागितली. दुसऱ्या दिवशी कौसाबाई आली, मग शेजारीण आली, मग पलीकडची आली. माघ सरेपर्यंत तीन भिंतींचे सांधे मोकळे झाले. पुढच्या पावसाळ्यात त्यांतून पाणी पाझरलं, भिंती उभ्या राहिल्या. घराघरानं आपली पायरी पुन्हा धरली.

राहिली मावळतीची. तिचे दगड जिथं पडले तिथं आहेत. गाव म्हणतं, "काकूंनी हो म्हणावं, मग पहिला दगड उचलू. त्यांच्यावाचून हात लावायचा नाही." दर मंगळवारी कुणीतरी दारात येतं.

"काकू, उचलायचा का?"

"पुढच्या मंगळवारी बघू," भिवराबाई म्हणते आणि दार लोटते.

तिला जे फळ मिळालं ते तुम्हां आम्हां कुणाला न मिळो. तीन भिंतींना जे मिळालं ते तुमच्या गावच्या दगडांना मिळो. साठा उत्तरांची कहाणी, पाच उत्तरांत संपायची. ही संपली नाही. सुफळ व्हायची आहे, संपूर्ण व्हायची आहे. भिवराबाईनं अजून हो म्हटलेलं नाही.