शास्त्रीबुवांचा गळका तांब्या

नदीकाठच्या एका गावात एक शास्त्रीबुवा राहत होते. कुठे काय बोलावं, कसं वागावं, हे सगळं गाव त्यांना विचारी. व्याह्यांच्या पंगतीत आधी कोणाला वाढायचं? घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारावं की नाही? आत्याच्या जावेला काय म्हणून हाक मारायची? शास्त्रीबुवा पोथ्या काढत, बराच वेळ विचार करत आणि उत्तर देत. उत्तर घेऊन गेलेला माणूस वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांना वाटत राही, आपलं चुकलं तर नाही ना?

पलीकडच्या आळीत सखोबा तांबट राहत होता. दोघे लहानपणापासूनचे मित्र. सखोबा दिवसभर भांडी घडवी आणि त्याची बायको चंद्राबाई ती विकी. सखोबाच्या हातोडीची ठोकठोक ऐकत शास्त्रीबुवा वाचत बसत.

एका सकाळी ठोकठोक ऐकू आली नाही. चंद्राबाई दोन दिवसांच्या तापाने गेली होती.

दुपारपासून लोक शास्त्रीबुवांच्या ओसरीवर येऊ लागले. "सखोबाला भेटायला जायचंय. काय बोलायचं?"

"म्हणावं, 'देवाच्या मनात होतं ते झालं, धीर धरा,'" शास्त्रीबुवांनी सांगितलं. "थोडा वेळ बसावं. आणि निघताना रोजच्यासारखं 'येतो' म्हणू नये. अशा कारणासाठी पुन्हा त्या घरी जायची वेळ येऊ नये, म्हणून मुकाट्याने उठावं."

लोक जाऊन आले. शास्त्रीबुवा मात्र गेले नाहीत.

त्यांनी ते वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं. पन्नास वर्षांच्या मित्राला 'धीर धरा' म्हणायचं? ते त्यांना कोरडं वाटलं. दुसरं वाक्य शोधलं, ते पुस्तकी वाटलं. तिसरं म्हणता म्हणता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. तिथे जाऊन आपणच रडलो तर? पहिल्या दिवशी ते म्हणाले, घरात नातेवाईक असतील. चौथ्या दिवशी म्हणाले, आज वार बरा नाही. आठव्या दिवसापासून नवीच काळजी सुरू झाली. इतक्या उशिरा का आलात, असं सखोबाने विचारलं तर काय सांगायचं?

बाराव्या दिवशी त्यांची बायको भागीरथीबाई म्हणाली, "अहो, सगळ्या गावाला त्या घरी पाठवलंत. स्वतः कधी जाणार?"

"अगं, तोंडून काही भलतंच निघालं तर?"

"निघू दे. काल मी गेले होते, तर तो माझ्या मागे आणखी कोण येतंय ते बघत होता. उद्या त्याने दाराकडे बघणं सोडून दिलं, तर कुठली पोथी उघडाल?"

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी काठी उचलली. वाटेत ते एक नवं वाक्य घोकत राहिले. सखोबाच्या दारात पाऊल टाकलं आणि ते वाक्य विसरलं.

सखोबा भट्टीपाशी बसला होता. भट्टी थंड होती. दोघे-तिघे शेजारी बसून होते.

"चाळीस माणसं येऊन गेली, शास्त्रीबुवा," सखोबा म्हणाला. "चाळिसांनी एकच वाक्य म्हटलं. मी ओळखलं, वाक्य तुमचं आहे. वाक्य पाठवलंत, मग तुम्ही का नाही आलात?"

"चुकेल, असं वाटलं."

"चुकलं असतं तर मला कुठे कळणार होतं? मी तांबट माणूस."

शास्त्रीबुवा त्याच्या शेजारी बसले. त्यांची नजर फळीवरच्या नव्या भांड्यांकडे गेली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वहिनींनी मला दिलेला तांब्या अजून गळतो रे."

शेजारी चपापले. अशा वेळी असं कोणी बोलतं? शास्त्रीबुवांचा चेहरा पांढरा पडला.

सखोबाने हळूच मान वर केली. "त्यावर ती काय म्हणायची, आठवतंय?"

"'तांब्या नाही गळत, शास्त्रीबुवा, तुमचा हात कापतो.'"

सखोबा हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं. बारा दिवसांत त्याच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. शास्त्रीबुवाही रडले. मग दोघे कितीतरी वेळ चंद्राबाईबद्दलच बोलत राहिले.

उन्हं कलल्यावर शास्त्रीबुवा उठले. दाराशी जाऊन रोजच्या सवयीने म्हणाले, "बरं, येतो."

लगेच त्यांनी जीभ चावली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"या," सखोबा म्हणाला. "उद्याच या. आणि तो तांब्या घेऊन या. एकदा बघूच, खरं कोणाचं होतं ते."

दुसऱ्या दिवशी आळीत पुन्हा ठोकठोक ऐकू आली. तांब्याच्या बुडाशी खरंच एक बारीक भोक होतं. सखोबाने ते बुजवलं, तांब्या पाण्याने भरला आणि शास्त्रीबुवांच्या हातात दिला. तरीही थोडं पाणी सांडलंच.

तात्पर्य: दुःखात असलेल्या माणसाकडे जाण्यासाठी योग्य शब्द सापडण्याची वाट पाहू नये. चुकीचा शब्द तो विसरून जातो. पण आपण गेलोच नाही, हे त्याला विसरता येत नाही.