सशाचे कान

"लाव की कान! म्हाताऱ्याला कळलं तर मिशी उतरवीन माझी!"

फटू सोनाराला तेव्हा मिशी फुटलीसुद्धा नव्हती. तरी आबा चिताऱ्यांकडे शिकणारा जिवबा पैजेला भुलला. आबा जेवायला उठले, तेवढ्यात ह्या पठ्ठ्याने त्यांच्या चित्रातल्या खवल्या मांजराला सशाचे दोन झ्याक कान काढले. चित्र गोव्याच्या पाद्र्याने मागवलेलं. जिवबानेच गुंडाळून दिलं, आणि ते गेलं जहाजातून सातासमुद्रापार.

बारा वर्षांनी दुसराच एक पाद्री आबांच्या ओसरीवर येऊन बसला. इथली भाषा शिकलेला. अंगात हिवताप, मांडीवर तीन छापील पुस्तकं.

जिवबा कोपऱ्यात रंग घोटत होता. आता तो मोठा कारागीर. जिवबाच्या हाताला चूक माहीत नाही, असं गाव म्हणायचं. तोही तेच म्हणायचा.

"हे नवं पुस्तक," पाद्री म्हणाला. "ह्यात खवल्या मांजराचे कान पाठीपर्यंत. आधीच्यात खांद्यापर्यंत. सगळ्यात जुन्यात एवढेसेच. एकाने दुसऱ्याचं बघून काढलेलं. माग काढत काढत तुमच्या दारात आलो, आबा. पहिलं चित्र इथलं ना?"

"इथलंच."

जिवबाचा हात थांबला.

"मग हे जनावर राहतं कुठे? मी चार खवल्या मांजरं पाहिली. असे कान एकालाही नाहीत. ही जात वर घाटात असणार. गेल्या खेपेला साप चावून माझा एक हमाल तिथेच राहिला. आज पुन्हा तिकडेच निघालोय."

आबांनी सगळ्यात जुनं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. कानांवरून बोट फिरवलं. मग एकवार जिवबाकडे बघितलं...

"जिवबा, माझी काठी आण."

"कशाला, आबा?"

"मी पण जातो ह्यांच्याबरोबर. चित्र माझ्या घरचं. कानवालं जनावर मात्र मी अजून बघितलेलं नाही."

"आणि गुडघे? विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसता तुम्ही!"

"काठी आण."

जिवबाने काठी आणली. पण दिली नाही.

बाहेर हमालांनी पेटारे डोक्यावर घेतले.

आबांनी हात पुढे केला. तसाच ठेवला...

"मी लावले," जिवबा म्हणाला.

"काय?" पाद्र्याने विचारलं.

"कान. सशाचे. पैजेवर. आबा जेवायला गेले होते तेव्हा. असलं जनावर कुठे नाहीच, पाद्रीबाबा. घाटात नाही, कुठेच नाही." त्याने काठी मुठीत आवळली. "तो हमाल... नाव काय त्याचं?"

"बाबल्या."



आबांनी जिवबाच्या मुठीतून काठी सोडवली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"पाद्रीबाबा, सामान उतरवा," ते म्हणाले. "जनावर सापडलं."